तानसाचं पाणी आणि रानपिंगळा

घुबडांच्या कुळातला असूनही रानपिंगळा दिवसाचा पक्षी आहे. थंडीच्या सकाळी ऊन सागाच्या शेंड्यांवर आलं की तोही तिथे येतो आणि उघड्या फांदीवर अंग शेकत बसतो. ऊन तापू लागलं की खालच्या फांद्यांवर उतरतो आणि जमिनीकडे बघत राहतो. पाचोळ्यात सापसुरळी सरकली, सरडा हलला, की त्याची शेपूट डावी-उजवीकडे झटके देऊ लागते आणि मग तो झेप घेतो. त्याच्या खाण्यात निम्म्याहून जास्त वाटा सरडे-सापसुरळ्यांचा. उरलेल्यात उंदीर, किडे, बेडूक आणि क्वचित एखादा लहान पक्षी. अंगानं वीतभर, वजनानं पाव किलोच्या आत, पण डोकं, चोच आणि पंजे त्या अंगाच्या मानानं चांगलेच दणकट.

त्याला घनदाट, काळोखं अरण्य लागत नाही. साग, ऐन, मोह असलेलं पानगळीचं रान, त्यात मधूनमधून मोकळी जागा आणि काही म्हातारी झाडं, एवढ्यावर त्याचं भागतं. म्हातारी झाडं मात्र हवीतच, कारण ढोली त्याला स्वतःला कोरता येत नाही. वयानं पोकळ झालेलं खोड किंवा सुतार पक्ष्यानं कोरून सोडलेलं भोक मिळालं तरच त्याचा संसार उभा राहतो. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि ढोलीत बसून राहते. तिचं आणि पुढे पिल्लांचं पोट नराच्या शिकारीवर चालतं. साधारण महिन्याभरात पिल्लं ढोलीबाहेर पडतात. लांबचे प्रवास नाहीत, स्थलांतर नाही. ज्या रानात जन्म, त्याच रानाच्या आसपास आयुष्य.

या पक्ष्यावर माझं प्रेम आहे, असं मी कित्येक वर्षं सांगत आले आहे. शाळांमध्ये स्लाइड दाखवताना सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, वनखात्याच्या माणसांनाही सांगितलं. आता वयाच्या अशा टप्प्यावर आहे की स्वतःची वाक्यं स्वतःच पुन्हा वाचून पाहावीशी वाटतात. तेव्हा हे वाक्य पुढ्यात घेऊन बसले आहे. ते खरं आहे का? आणि खरं असेल तर कशावरून?

पहिली शंका दुर्मिळतेची. रानपिंगळ्याची ओळख मला पक्षी म्हणून होण्याआधी गोष्ट म्हणून झाली, आणि गोष्ट फार मोहात पाडणारी आहे. एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडच्या भागातून मिळवलेल्या नमुन्यावरून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 1873 मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं. खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसननं पुढच्या दशकात शहादा-तळोद्याच्या बाजूला काही पक्षी मारून गोळा केले. 1884 नंतर त्याचा पत्ता लागेना. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात कातडी, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं काही नाही. पक्षी नामशेष झाला असं बहुतेक जण धरून चालले. मग नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले आणि तिथे एका उघड्या झाडावर, भरदिवसा, तो बसलेला होता. 113 वर्षांनी.

ही गोष्ट सांगताना माझा आवाज बदलतो हे मला माहीत आहे. ‘113 वर्षांनी’ या शब्दांशी मी थांबते, मुलांच्या डोळ्यांत आश्चर्य उमटू देते. पण त्या 113 वर्षांत पक्षी कुठेही गेला नव्हता. तो सातपुड्यात ऊन शेकत, सापसुरळ्या पकडत, पिल्लं वाढवत होता. सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा त्याच रानात वावरत होते, मोहाची फुलं वेचत होते. हरवलं होतं ते आमचं लक्ष. मी मात्र गोष्ट अशी सांगते, की जणू पाहणारे आले म्हणून तो पुन्हा जन्माला आला.

2018 मध्ये आंतरराष्ट्रीय यादीतलं त्याचं स्थान ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असं बदललं. तोवर मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातला खंडव्याचा भाग, दक्षिण गुजरातचं पूर्णा अभयारण्य आणि आमच्या मुंबईजवळचं तानसा, अशा बऱ्याच ठिकाणी तो असल्याचं कळलं होतं. पूर्ण वाढलेले पक्षी तरीही हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे, म्हणजे निश्चिंत व्हावं अशी परिस्थिती नाहीच. पण ती बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात सर्वात आधी काय आलं ते मला आठवतं. आनंद नव्हता. काहीतरी उणं झाल्याची भावना होती. माझ्याजवळची मौल्यवान वस्तू बाजारात थोडी स्वस्त झाल्यासारखी. ती भावना क्षणभरच टिकली, पण होती. ज्याच्यावर प्रेम आहे त्याची प्रकृती सुधारल्याचं ऐकून कुणाला उणं वाटत नाही. म्हणून ही भावना कुठून आली याचा मी पुष्कळ विचार केला. उत्तर टाळता येत नाही. माझ्या प्रेमात पक्ष्याचा जसा वाटा आहे, तसाच तो पक्षी ‘माझ्याकडे’ असण्याचाही आहे.

हा मालकीचा सूर माणसाला कुठवर नेऊ शकतो, याचं एक उदाहरण याच पक्ष्याच्या इतिहासात आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी पक्ष्यांचा मोठा जाणकार मानला जाई. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं : 1914, तापीकाठचं मांडवी. 1884 नंतरचा तो एकमेव नमुना, म्हणून फार महत्त्वाचा. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो तपासला, क्ष-किरणांखाली घातला, आणि 1999 मध्ये पुराव्यानिशी दाखवून दिलं की तो डेव्हिडसनचाच पक्षी आहे. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, टाके उसवून नव्यानं भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. त्याच्या संग्रहातल्या इतर पुष्कळ नमुन्यांबाबतही पुढे अशीच फसवणूक सिद्ध झाली.

मला या माणसाचा राग येतो, आणि रागापेक्षा जास्त भय वाटतं. त्याला पक्षी कळत होते. खोटं बोलण्याची त्याला काही गरज नव्हती. तरीही ‘मी मिळवला’ हे म्हणता यावं म्हणून त्यानं एका मेलेल्या पक्ष्याचं ठिकाण आणि साल बदललं, आणि त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणाऱ्या सगळ्यांच्या नकाशात चूक पेरली. ज्या रानात पक्षी जिवंत होता त्याऐवजी शोधणाऱ्यांची नजर भलतीकडे जावी, एवढं त्या एका ओळीत बळ होतं.

एका फेब्रुवारीत तानसाच्या रानात मी एक पक्षी पाहिला. सकाळची वेळ, सागाच्या मधल्या फांदीवर पाठमोरा. गावातला नेहमीचा पिंगळा आणि रानपिंगळा यांत फरक बारीक असतो : साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते इतके पुसट की डोकं एकरंगी वाटतं, रानपिंगळ्याची छाती जवळजवळ सलग तपकिरी, पोट पांढरं, शेपटीवर रुंद पट्टे. मला शेपटीचे पट्टे दिसले. डोकं सावलीत होतं. छाती दिसलीच नाही. पक्षी वळला नाही, उडाला आणि गेला. सोबतचे दोघे म्हणाले, रानपिंगळाच, लिहून टाका. पक्षी पाहणाऱ्यांच्या भाषेत ज्याला ‘लायफर’ म्हणतात, आयुष्यातलं पहिलं दर्शन, ते माझ्या खात्यावर जमा होत होतं. मी नोंदवहीत ‘पिंगळा, जात अनिश्चित’ असं लिहिलं.

बरीच वर्षं मी या ओळीवर खूश होते. आता ती पुन्हा वाचताना मन विचारतं : हा सच्चेपणा कुणासाठी होता? सोबतचे दोघे बघत होते, म्हणून? पुढे सांगता येईल, म्हणून? एकटी असते तर काय लिहिलं असतं? मी या प्रश्नाशी बरंच थांबले. मला वाटतं, एकटी असते तरी हेच लिहिलं असतं. पण ‘वाटतं’ यापलीकडे जाता येत नाही, आणि तिथेच थांबणं मला जास्त खरं वाटतं.

दुसरी एक गोष्ट याहून अवघड आहे. माझ्या फोनमध्ये रानपिंगळ्याचा आवाज आहे. ओळख पक्की व्हावी म्हणून घेतलेला. जानेवारी-फेब्रुवारीत, जोड्या जमण्याच्या दिवसांत, हा आवाज रानात वाजवला तर नर हमखास पुढे येतो. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं त्याला वाटतं. तो समोरच्या फांदीवर येऊन हाका देतो, शेपूट झटकतो, आणि तेवढ्यात हवा तसा फोटो मिळतो. नसलेल्या शत्रूशी भांडण्यात त्याची सकाळ जाते, आणि शिकारीची वेळ तीच असते. शास्त्रज्ञ गणना करताना हा आवाज वापरतात, ठरावीक वेळ आणि ठरावीक अंतर पाळून. ते वेगळं. फोटोसाठी वाजवणं हे मी कधी केलेलं नाही, पुढेही करणार नाही. मग तो आवाज फोनमध्ये अजून कशासाठी आहे? ओळख तर कधीच पक्की झाली आहे. घरी बसूनही मी तो ओळखते. मला तो ठेवायचा आहे, कारण ‘वाटलं तर बोलावता येईल’ ही शक्यता हातात असणं मला सुखावतं. ती शक्यता मी वापरत नाही, या गोष्टीचा मला थोडा अभिमानही आहे. ही दोन्ही सुखं एकाच मुळाची आहेत.

लहानपणी आजी सांगायची, घुबडाला दगड मारू नये. मारलेला दगड ते उचलून नेतं आणि पाण्यात टाकतं; दगड जसा झिजत जातो तसा मारणारा झिजत जातो. आम्ही पोरं घाबरायचो आणि हात आवरायचो. हीच भीती उलटी फिरली की माणसं जादूटोण्यासाठी घुबडं मारतात, दिवाळीच्या सुमारास त्यांची खरेदी-विक्री होते, हेही मला पुढे कळलं. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेला हा पक्षी त्यातून सुटलेला नाही. भीतीच्या जागी ज्ञान यावं म्हणून मी शाळांमध्ये बोलते. पण आजीच्या त्या भीतीनं माझा हात जेवढा घट्ट धरला होता, तेवढा माझं ज्ञान धरतं का?

शाळांमध्ये बोलताना मी एक गोष्ट गाळते. रानपिंगळ्याचा नर कधीकधी स्वतःचीच पिल्लं मारून खातो. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी 1997 नंतरच्या पहिल्या अभ्यासांमध्येच हे नोंदवलं. मादीला आणि पिल्लांना इमानानं खाऊ आणणारा बाप सांगायला बरा वाटतो. हा बाप सांगवत नाही. मुलांना धक्का बसेल म्हणून गाळते, असं मी स्वतःला सांगत होते. पण सातवी-आठवीच्या मुलांनी साप बेडूक गिळताना पाहिलेला असतो, त्यांना एवढा धक्का बसत नाही. मला एक निष्पाप पक्षी हवा होता. ज्याला वाचवायचं तो भला असावा, अशी माझी अट होती, आणि ती अट मी त्याच्यावर त्याला न विचारता घातली होती. त्याला रान हवं, ढोली हवी, यासाठी त्यानं चांगलं असण्याची काय गरज आहे?

हीच अट मी माणसांवरही घालते, हे लक्षात यायला मला फार वेळ लागला. तानसाच्या परिसरात वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांचे पाडे आहेत. आमच्या बोलण्यात ही माणसं दोनच रूपांत येतात. एक तर ‘जंगलाचे खरे रक्षक’, नाहीतर ‘अतिक्रमण करणारे’. मोळी विकणारी बाई, मोटारसायकलवरून बाजाराला जाणारा मुलगा, वनहक्क कायद्याखाली आपल्या दळीच्या, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या, तुकड्यासाठी वर्षानुवर्षं कागद घेऊन फिरणारा म्हातारा, हे आमच्या चित्रात बसत नाहीत. रानपिंगळ्याच्या धोक्यांची यादी मला तोंडपाठ आहे : झाडतोड, लाकूडफाटा, चराई, वणवे, शेतीसाठी साफ केलेली जमीन, धरणं. यादी खोटी नाही. पण मी ती म्हणते तेव्हा पहिल्या चार-पाच शब्दांवर माझा जोर असतो, आणि शेवटच्या शब्दावर आवाज खाली येतो.

कारण तो शब्द माझ्या घरापर्यंत येतो. मी मुलुंडला राहते. तानसाचा तलाव 1892 पासून मुंबईला पाणी देतो, आणि त्याचे मोठाले काळे पाइप आमच्या भागातून जातात. लहानपणी त्यांच्या कडेनं चालणं हा आमचा खेळ होता. रानपिंगळा तानसात असल्याचं 2014 मध्ये कळलं तेव्हा मला अगदी घरचं वाटलं : मी जे पाणी पिते त्याच्याच पाणलोटात तो राहतो! कितीतरी दिवस मी हे वाक्य आनंदानं सांगितलं. त्या वाक्याची दुसरी बाजू मी वाचली नव्हती. तानसा, मोडक सागर, भातसा ही धरणं ज्या शहापूर तालुक्यात आणि त्याच्या आसपास आहेत, त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये पाइपाच्या बाजूनं डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या बायका मी गाडीतून पाहिल्या आहेत. आम्ही पक्षी पाहायला निघालेलो असायचो. त्यांना मी ‘चराई’ आणि ‘लाकूडफाटा’ या शब्दांत ओळखत होते. त्यांनी मला ओळखायचं ठरवलं असतं, तर ‘ते पाणी नेणारे’ म्हणून ओळखलं असतं.

आता गारगाईचा प्रश्न समोर आहे. वाडा तालुक्यात ओगद्याजवळ गारगाई नदीवर धरण बांधून मुंबईला रोज 440 दशलक्ष लिटर पाणी आणायचं, असा प्रस्ताव कित्येक वर्षं पुढे-मागे होत आहे. त्यात तानसा अभयारण्यातलं शेकडो हेक्टर जंगल पाण्याखाली जाईल, लाखो झाडं जातील, काही गावं उठतील. ज्या झाडांना ढोली येण्यासाठी कित्येक दशकं लागतात, ती झाडं रोपं लावून भरून येत नाहीत. माझा या धरणाला विरोध आहे. तो मी लिहून कळवलेला आहे, आणि मनापासून.

पण मनापासून म्हणजे किती खोलवरून? शहर वाढतं आहे. झोपडपट्टीत सार्वजनिक नळावर पहाटे उभ्या राहणाऱ्या बाईला जास्त पाणी मिळायला हवं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तिला पाणी द्यायचं आणि रान बुडवायचं नाही, तर ते कुणीतरी कमी वापरलं पाहिजे, गळती थांबली पाहिजे, वापरलेलं पाणी पुन्हा वापरलं पाहिजे. ‘कुणीतरी’ हा शब्द मी इथे फार सहज लिहिला. शहरी पाण्याचं सर्वसाधारण मोजमाप माणशी रोज 135 लिटर, आणि त्यातलं साधारण 45 लिटर नुसतं फ्लशसाठी धरलेलं असतं. म्हणजे रानातून गाळून, शुद्ध करून आणलेल्या पाण्याचा तिसरा हिस्सा. आमच्या इमारतीत हा हिस्सा कमी करता येण्यासारखा आहे. आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी साधं गाळून वेगळ्या टाकीतून फ्लशला देता येतं. हे मला बरीच वर्षं माहीत होतं. धरणाच्या विरोधातलं पत्र लिहायला मला एक संध्याकाळ पुरली. सोसायटीत हा विषय मांडायला मात्र मी धजत नव्हते, कारण पत्र दूरच्या कचेरीला जातं, आणि सोसायटीत रोज लिफ्टमध्ये भेटणारी माणसं असतात.

यंदा तो विषय मी सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घालून घेतला आहे. प्लंबरकडून दुसऱ्या पाइपलाइनचा अंदाज घेतला. दर सदनिकेमागे येणारा खर्च लहान नाही. आमचे खजिनदार, वयानं ज्येष्ठ आणि सरळ माणूस, मला म्हणाले, “ताई, पाणी वाचवण्यासाठी म्हणालात तर समजतं. पण त्या पक्ष्याचं नाव घेऊ नका, लोक ऐकणार नाहीत.” सल्ला चांगल्या मनानं दिलेला होता आणि व्यवहाराला धरून होता. बिल कमी येईल, टँकर लागणार नाही, एवढंच बोलले तर कदाचित मतं जास्त पडतील. दोन दिवस मी त्या सल्ल्याच्या बाजूनं होते. मग मला जाणवलं की मी माझ्याच हेतूला दुसरी चिठ्ठी लावायला निघाले आहे.

सभा रविवारी आहे. खर्चाचा आकडा मी आधी सांगणार आहे, कारण तो लोकांच्या खिशाचा प्रश्न आहे आणि तो विचारण्याचा त्यांना हक्क आहे. मग तानसाचा नकाशा दाखवणार आहे, पाड्यांसह आणि रानपिंगळ्यासह. त्याच्या पिल्लं खाण्याबद्दल कुणी विचारलं तर तेही सांगेन. ठराव पडला तर आमच्या घरापुरतं काय करता येईल ते प्लंबरला विचारून ठेवलं आहे, आणि पुढच्या वर्षी हाच विषय पुन्हा मांडण्यासाठी सचिवांकडे अर्ज देणार आहे.